पोटातलं दुसरं दार

गुऱ्हाळावर ‘नको’ म्हणायची सोय नसते. आमच्या पंचगंगेकाठच्या गावात ज्याच्या उसाचं आदण, म्हणजे एका वेळी कढवायचा रस, मोठ्या काहिलीत शिजत असेल, तो शेतकरी पहिला गरम गूळ गुळव्याच्या हातावर ठेवतो. गुळव्या म्हणजे पाक कधी उतरायचा, चुना किती घालायचा, भेंडीचं पाणी किती मारायचं हे ठरवणारा माणूस. त्याने तो गूळ खायचा, मान डोलवायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. गुळव्याने नुसता जिभेला लावून बाजूला ठेवला तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की अमक्याच्या रानाला मीठ फुटलं, त्याचा गूळ खारट निघाला. मग त्या बिचाऱ्याच्या ढेपेला कुणी विचारत नाही.

माझे वडील, आनंदराव चौगले, अख्ख्या पट्ट्यातले नावाजलेले गुळवे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणते. हंगामात दिवसाला चार-पाच आदणं उतरायची आणि आप्पा प्रत्येकाचा मान राखायचे. त्यात काकवी, त्यात रसाचा तांब्या, त्यात कुणीतरी शेंगदाणे घालून केलेली वडी. आणि अशा माणसाला शुगर निघाली.

आईने घरात साखर बंद केली, गूळ कुलपात ठेवला, चहा कोरा केला. आप्पा घरी शहाण्यासारखे कोरा चहा प्यायचे आणि गुऱ्हाळावर जाऊन आदणाचा गूळ खायचे. मिशीला काकवीचा वास येतोय म्हणून आईने एकदा त्यांना सगळ्या भावकीसमोर झापलं होतं. शेवटी उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुढच्या वेळी पाऊल. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लंगडत गुऱ्हाळावर गेले.

मी तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पेशींच्या दारांवर काम करत होते. पुढे पुरस्कार-बिरस्कार मिळाले तेव्हा मला विचारलं गेलं की ही कल्पना कशी सुचली. मी जगाच्या आरोग्याविषयी चार वाक्यं बोलले. जगाचं सोडा हो. मला माझ्या बापाचं पाऊल वाचवायचं होतं.

पेशींची दारं म्हणजे काय, ते सांगते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला बाहेरून एक पातळ पडदा असतो, तो असतो चरबीचा. साखर पाण्यात विरघळणारी. तेलाच्या तवंगातून ती आपली आपण पलीकडे जाऊच शकत नाही. म्हणून त्या पडद्यात जागोजागी प्रथिनं बसवलेली असतात, तीच दारं. हे दार नुसतं भोक नसतं. ते एका बाजूला उघडतं, ठरावीक पाहुण्याला आत घेतं, मिटतं, आणि दुसऱ्या बाजूला उघडतं. प्रत्येक दाराचा पाहुणा ठरलेला.

लहान आतड्यातल्या साखरेच्या दाराची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ग्लुकोजला एकट्याने प्रवेश नाही. मिठातला सोडियम सोबत असेल तरच दार फिरतं. सोडियमला मात्र आत यायची घाई असते, कारण पेशीच्या मागच्या भिंतीवर एक पंप बसलेला असतो आणि तो रात्रंदिवस सोडियम बाहेर उपसत असतो. आत सोडियम कमी, म्हणून बाहेरचा आत धावतो, आणि धावताना साखरेचा हात धरून तिला ओढून घेतो. साखर आणि मीठ आत गेलं की त्यांच्यामागे पाणी जातं.

आम्ही या दाराला कडी लावली. एक छोटं, आम्हीच रचलेलं प्रथिन. एकदाच एक औषध प्यायचं, मग आतड्याच्या पेशी ते प्रथिन स्वतःच बनवतात आणि आपल्याच साखरेच्या दारात अडकवून ठेवतात. साखर बाहेरच राहते. पण न शोषलेली साखर पोटात तशीच राहिली तर ती पाणी ओढून घेते आणि माणसाला परसाकडच्या वाऱ्या सुरू होतात. त्यासाठी त्याच औषधात आम्ही काही निरुपद्रवी जिवाणू दिले. ते उरलेल्या साखरेचे कण एकमेकांना जोडून त्यांचा चोथा करतात. म्हणजे तुम्ही गूळ खाल्लात, जिभेने मजा मारली, आणि पोटाला वाटलं भाजीचे देठ आले. औषधाचं खरं नाव लांबलचक होतं. गावात सगळे ‘कडी’च म्हणत.

कडी काढायचीही सोय होती, आणि ती प्रत्येकाला घरी देऊन ठेवलेली असे. एक गोळी, तिला आम्ही उतारा म्हणायचो. ती गिळली की दोनेक तासांत कड्या गळून पडतात आणि दार मोकळं होतं. पण त्या गडबडीत शरीराला कडीची ओळख पटते, आणि पुन्हा लावायला गेलं तर ते टिकू देत नाही. उतारा घेतला की कडी जन्मभरासाठी गेली.

आप्पांनी कडी घेतली आणि तीन हंगाम आमच्या घरात दिवाळी होती. त्यांची शुगर उतरली, पायाची जखम भरली. आईने गुळाचं कुलूप काढलं. आप्पा छाती पुढे काढून प्रत्येक आदणाचा गूळ खायचे आणि विचारणाऱ्याला सांगायचे, आमच्या वैजूनं पोटात शिपाई बसवलाय. मी वैजयंती, पण गावात मला त्या नावाने कुणी ओळखत नाही. आप्पांचं बघून गावातल्या साठेक घरांनी कडी लावून घेतली. मी सुट्टीला गेले की म्हाताऱ्या बायका माझी दृष्ट काढायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

चौथ्या हंगामात, माघाच्या सुरुवातीला, नदीकाठच्या पाच-सहा गावांत एकाच वेळी पटकी, म्हणजे कॉलरा, आली. रस्त्याच्या खोदकामात कुठेतरी गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं होतं. मला कळलं ते सकाळी प्रयोगशाळेत, आईच्या फोनवरून.

आई घाबरणाऱ्यातली नाही. पण तिचा आवाज बारीक झाला होता. तिने सांगितलं की आप्पांना पहाटेपासून जुलाब होताहेत, नुसतं भाताच्या पेजेसारखं पाणी. आरोग्य केंद्रात खाटेवर आहेत, पण सलाइनच्या बाटल्या मोजक्याच होत्या आणि ज्यांची नाडीच लागत नव्हती अशांना त्या लावल्या. कोल्हापूरची रुग्णवाहिका आधी शेजारच्या गावाला गेली आहे, आणि रस्त्यात उसाची ट्रॉली उलटलीय.

“पाणी पाजतोय तेवढं जातंय बघ,” आई म्हणाली. “बऱ्याच जणांना गुण आला. ह्यांचे डोळे खोलच चाललेत.”

मी विचारलं, काय पाजताय? तिने व्हिडिओ चालू करून फोन खाटेकडे वळवला. खाटेखाली पितळी तांब्यांची रांग लागली होती. ज्या-ज्या शेतकऱ्याचा गूळ आप्पांनी उतरवला होता, तो प्रत्येक जण आपापल्या ढेपेचा गूळ पाण्यात कालवून, मीठ घालून घेऊन आला होता. आणि पातळ नाही. आप्पांना पातळ पाणी कोण देईल? चांगलं घट्ट, हात सैल सोडून केलेलं. जीव जायला टेकला होता आणि हा माणूस प्रत्येकाच्या तांब्यातला घोट घेत होता, कुणाला वाईट वाटू नये म्हणून.

फोन हातात तसाच धरून मी गाडीकडे पळाले.

पटकीचं विष आतड्यात एक वेगळंच दार सताड उघडतं. त्यातून क्षार पोटात सांडत राहतात आणि त्यांच्यामागे अंगातलं पाणी. माणूस काही तासांत वाळून जातो. पण साखरेचं दार मात्र ते विष बिघडवत नाही. म्हणूनच साखर-मिठाचं पाणी चमत्कारासारखं काम करतं. साखरेचा हात धरून मीठ आत जातं, मिठामागे पाणी. एवढ्या एका दारावर जगात कोट्यवधी लेकरं वाचली. आणि ते दार मी माझ्या बापाच्या पोटात लावून ठेवलं होतं. चोथा करणारे जिवाणू जुलाबात वाहून गेलेले. मग तो घट्ट गूळ पोटात बसून उलट आणखी पाणी बाहेर ओढत होता. गाव मायेने पाजत होतं आणि आप्पा त्याने मरत होते.

केंद्रावरचे डॉक्टर जमादार तरुण, कामाला चोख माणूस. त्यांना मी दोन वाक्यांत सांगितलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना कडी माहीत होती, साखर-मिठाचं पाणी माहीत होतं, पण दोन्ही एकाच पोटात त्यांनी कधी जोडून पाहिलं नव्हतं. त्यांचं काय चुकलं? मी तरी कुठे पाहिलं होतं? आम्ही धडधाकट माणसांना लाडू खायला घालून त्यांच्या रक्तातली साखर मोजली आणि पेढे वाटले. पटकी आली आणि सलाइन संपलं तर काय, हा प्रश्न आमच्या वातानुकूलित खोलीत कुणालाच पडला नाही.

तोवर मी गाडीत बसले होते. गाडी आपली आपण चालत होती, म्हणून बरं. माझ्याच्याने स्टिअरिंग धरवलं नसतं.

मी आईला सांगितलं, तांबे सगळे बाहेर काढ, आणि देवघरातली उताऱ्याची गोळी मागव. गोळी आली. आईने ती आप्पांच्या ओठांशी नेली आणि आप्पांनी तोंड मिटून घेतलं.

“न्हाई,” ते म्हणाले. आवाज कुठला, नुसता श्वास होता.

आई इतकी वर्षं त्यांना बोलली नसेल तेवढं तेव्हा बोलली. जिभेसाठी जीव देताय व्हय, माझ्या कपाळावर काय लिहून ठेवणार आहात, हे सगळं. मीही फोनवर ओरडले. पाऊल गेलं तर चालेल, गुऱ्हाळ गेलं तर चालेल, तुम्ही राहा. मी लेक म्हणून ओरडत होते, त्यात शास्त्र वगैरे काही नव्हतं.

आप्पांनी हाताने आम्हाला गप्प केलं. डोळे फोनकडे वळवले. “हे तू केलंयस,” ते थांबत-थांबत म्हणाले. “आत कुठं काय हाय ते तुलाच म्हाईत. दुसरी वाट बघ.”

असा राग आला मला. पण रागाने डोकं चालायला लागतं, हे आमच्या चौगल्यांच्या रक्तातच आहे. आणि दुसरी वाट होती. मी पंधरा वर्षं त्या पडद्यावर घालवलेली. तिथे साखरेचं एकच दार नाही. प्रथिनं पचून त्यांचे जे सुटे घटक होतात, अमिनो आम्लं, त्यांचीही दारं आहेत, साखरेच्या शेजारीच. त्यातल्या बऱ्याच दारांचा नियमही तोच, सोडियम बरोबर असेल तरच आत. तिथे मी कडी लावली नव्हती. पटकीही त्यांना हात लावत नाही. साखरेऐवजी अमिनो आम्लांचा हात धरून मीठ आत गेलं तर पाणी त्याच्याही मागे जाणार. पाण्याला काय, कुणाच्याही मागे जातं.

पण खेड्यात, धावपळीत, अमिनो आम्लं आणायची कुठून? दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात असते तर मी हात टेकले असते. पण आमचं गाव कोल्हापूरचं. शाळेआधी तालीम.

“आई, वस्तादांना फोन लाव,” मी म्हटलं. “हिंदुराव वस्तादांना. पोरं कुस्तीनंतर ती अमिनोची पावडर पितात, तिचा डबा मागव. बिनसाखरेचा, बिनवासाचा.”

वस्ताद डबा काखेत मारून पळत आले. सत्तरीचा माणूस, लंगोटावर शर्ट चढवलेला. डबा बिनसाखरेचाच होता, कारण गोड पावडर पिणाऱ्या पोराला वस्ताद मैदानाला चार फेऱ्या लावतात. डॉक्टरांनी फोनवर डब्यामागचा मजकूर मला दाखवला. मी प्रमाण सांगितलं, त्यांनी उकळून गार केलेल्या पाण्यात पावडर आणि मीठ कालवलं.

वासानेच सगळे मागे सरले. शेजारच्या काकूंनी पदराआडून गुळाचा खडा काढला, एवढं कडू कसं जाईल घशाखाली, नखभर तरी टाकूया म्हणाल्या. आईने त्यांचा हात वरच्या वर धरला. “काकू, आज नको,” एवढंच म्हणाली.

आप्पांनी पहिला घोट घेतला. ज्या जिभेवर चार गावांच्या गुळाचा भाव ठरायचा, तिच्यावर ते कडूजहर पाणी. त्यांचा चेहरा असा झाला की वस्तादांना त्या तसल्या वेळीही हसू फुटलं. पण प्यायले. घोट-घोट, थांबून, पुन्हा घोट.

मी डॉक्टरांशी ठरवून घेतलं. माझी गाडी साताऱ्याला पोचेपर्यंत वाट पाहायची. तोवर नाडी सुधारली नाही, तर आप्पांना न विचारता उताऱ्याची गोळी घालायची. गोळीलाही काम करायला दोन तास लागतात, त्याहून उशीर परवडला नसता. तेवढ्यात मी संस्थेत फोन करून सांगितलं की कडीचं वाटप आत्ताच्या आत्ता थांबवा आणि सगळ्या आरोग्य केंद्रांना कळवा. संचालक म्हणाले, सभा घेऊ. मी म्हटलं, सभा घ्या, पण मी केंद्रांना कळवून मोकळी झालेय.

खंबाटकीचा बोगदा गेला. वाईचा फाटा गेला. साताऱ्याशी आले तेव्हा डॉक्टरांचा फोन आला.

“नाडी होती तेवढीच आहे,” ते म्हणाले. “सुधारली नाही. काय करू, मॅडम?”

मी विचारलं, जुलाब थांबले? नाही म्हणाले, तसेच चालू आहेत.

मी डोळे मिटले. अंगातून तेवढंच पाणी जातंय, आणि नाडी तेवढीच आहे. पहाटेपासून ती तासातासाला खाली चालली होती. आता घसरत नाही. म्हणजे जातंय तेवढं कुठूनतरी आत येतंय. की मी बाप वाचावा म्हणून हिशेब हवा तसा लावतेय? गोळी दिली तर साखरेचं दार उघडणार होतं, ती वाट खात्रीची. फक्त उघडायला दोन तास लागणार. आणि त्या दोन तासांत त्यांना याच कडू पाण्यावर तगायचं होतं. तसं असेल तर पाण्यावरच भरवसा टाकावा. पण मी चुकत असेन तर पुढचे दोन तासच उरणार नव्हते. आई पलीकडे ऐकत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

“गोळी देऊ नका,” मी म्हटलं. “पाणी वाढवा. जातंय त्याच्यापेक्षा जास्त पाजा. आणि ज्यांना कडी आहे अशा बाकीच्यांनाही हेच द्या.”

त्यानंतर कितीतरी वेळ फोन लागला नाही. आई उचलत नव्हती, डॉक्टरांचा व्यस्त. मी मोठ्या संशोधन संस्थेतली मोठी बाई, गाडीत एकटी बसून ग्रामदैवताला नारळ बोलले. एकाचे पाच केले. बाहेर उसाची रानं मागे पळत होती आणि मला त्या उसाचासुद्धा राग येत होता.

कराडला कोयनेच्या पुलावर असताना आईचा फोन आला.

“झाली,” ती म्हणाली, आणि रडायला लागली.

“काय झाली? आई, नीट सांग.”

“लघवी गं! ह्यांना लघवी झाली!”

मागे आरडाओरडा चालू होता. वस्ताद कुणाला तरी मिठी मारत असावेत. अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडं काम थांबवतात. लघवी झाली म्हणजे रक्तात पाणी पोचलं, आतून सगळं पुन्हा सुरू झालं. एका म्हाताऱ्याच्या लघवीचा असा आनंदसोहळा जगात दुसरीकडे कुठे झाला असेल असं मला वाटत नाही. मी पुलावरून जाताना मोठ्याने हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला कुणाची लाज वाटत नव्हती.

मी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. रुग्णवाहिका सलाइनच्या बाटल्या देऊन गेली होती, आप्पांनाही आता सलाइन लागलं होतं. गाल बसलेले, पण डोळे जागेवर आलेले. कडी असलेली आणखी सहा माणसं त्याच पाण्यावर तगली होती, आणि वस्तादांनी शेजारच्या तालमीतूनही डबे मागवले होते. मी डॉक्टरांचे हात हातात घेतले. मग आप्पांच्या खाटेशी बसले आणि त्यांना जे सुनावायचं ठरवून आले होते ते सुनावलं. एवढं वय झालं, दोन घास गुळासाठी जीव पणाला लावलात, आईचा तरी विचार करायचा होता.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “गुळाचं काय घिऊन बसलीस. गावात साठ घरांत तुझी कडी हाय. म्या गोळी गिळली असती तर सांजच्याला समद्यांनी गिळली असती. चौगल्याच्या पोरीची कडी तिच्या बापालाच भोवली, असं नाव झालं असतं तुझं.”

दिवसभर मी या माणसाला हावरट म्हणत होते.

“आणि दुसरी वाट नसती तर?”

“तू इचार करत हुतीस की. फोनात दिसत हुतं मला.” त्यांनी सुया टोचलेला हात माझ्या हातावर ठेवला. “तू इचार करायला लागलीस की वाट निघती.”

मला खोटं बोलवेना.

“साताऱ्याला माझी खात्री नव्हती, आप्पा,” मी म्हटलं.

“माजी हुती,” ते म्हणाले.